जुन्या रिजिड माउंटन बाइकची हिवाळी सायकल कशी करायची

इकडे इंग्लंडच्या उत्तरेला हिवाळ्यात सायकलची वाट थंडीने नाही लागत, मिठाने लागते. पारा शून्याच्या जवळ यायला लागला की रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून रात्री काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) गाड्या मीठ टाकत फिरतात, तपकिरी, जाडंभरडं रॉक सॉल्ट, चेशायरमधल्या विन्सफर्डला त्याची १८४४ पासूनची खाण आहे. त्यात रोजचा पाऊस, म्हणजे रस्त्यावर खारं पाणी आणि बारीक खडी, आणि ते सगळं उडून तुमच्या चेनवर, ब्रेकवर, बेअरिंगमध्ये. म्हणून चांगली रोड बाइक नोव्हेंबर ते मार्च घरात ठेवा आणि ऑफिसला जायला-यायला एक जुनी माउंटन बाइक तयार करा, जिला पुढे सस्पेन्शन नाही अशी.

सस्पेन्शन नकोच, कारण जुन्या सस्पेन्शन फोर्कचे सील आणि आतले रबर एव्हाना मेलेले असतात, आणि त्याला मडगार्ड नीट बसवणं म्हणजे वैताग. पुढचं सस्पेन्शन सगळीकडे दिसायला लागलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून, त्यामुळे त्याच्या आधीची २६ इंची स्टीलची सायकल शोधा. ईबे, गमट्रीसारख्या जुन्या वस्तूंच्या साइटवर, किंवा जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या चॅरिटी वर्कशॉपमध्ये अजूनही मिळतात. फ्रेमवर रेनॉल्ड्स किंवा टँगे या चांगल्या स्टीलच्या नळ्या बनवणाऱ्या कंपन्यांचं स्टिकर असेल तर उत्तमच, नसेल तरी हरकत नाही, थोडी जड असेल एवढंच. बघायचं ते हे: मागच्या चाकाच्या एक्सलजवळ आणि फोर्कला खाली मडगार्डसाठी भोकं आहेत ना, फोर्कमध्ये आणि मागे टायरच्या वर भरपूर जागा आहे ना, आणि सीटचा दांडा हलतो ना. हे तिसरं लोक विसरतात. ॲल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं तसाच राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात, मीठ असेल तर अजूनच, आणि मग तो काढायला अर्धा दिवस जातो आणि तरी निघेल याची खात्री नाही. विकत घेताना बोल्ट सैल करून सीट फिरवून बघा, लाजू नका.

सायकल घरी आली की पहिला खर्च टायरचा. खडबडीत गोट्यांचे टायर डांबरावर नुसते घोंघावतात आणि दमवतात, ते काढा आणि गुळगुळीत पण पंक्चरला दाद न देणारे घाला, २६ बाय १.५ किंवा १.७५, श्वाल्बे मॅरेथॉन वगैरे. हिवाळ्यात पाऊस काचा आणि गारगोट्यांचे तुकडे रस्त्याच्या कडेला आणून टाकतो, आणि अंधारात बोटं गारठलेली असताना ट्यूब बदलणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. टायर घेताना नुसतं "२६" बघू नका, बाजूला बारीक अक्षरात ५५९ (रिमचं मिलिमीटरमधलं माप) लिहिलंय का ते बघा. २६ बाय १ ३/८ नावाचा एक जुना साइज आहे तो ५९० चा असतो, तो या रिमवर बसणारच नाही. हवा फार टाइट नको, १.५ च्या टायरला ४५-५० पीएसआय पुरते, ओल्यात पकड बरी राहते.

बर्फ साचतो किंवा ब्लॅक आइस (डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फाचा थर) होतो अशा भागात राहत असाल, आणि तुमचा सायकल ट्रॅक कालव्याकाठचा असेल जिथे मीठ टाकणारी गाडी कधी येत नाही, तर खिळ्यांचे टायर घ्या, श्वाल्बे मॅरेथॉन विंटर प्लस २६ इंचात मिळतो. जड आहे, करकर आवाज करतो, पण काचेसारख्या रस्त्यावर नुसत्या रबराचा काही उपयोग नसतो. नवीन असताना पहिले चाळीसेक किलोमीटर डांबरावर शांतपणे चालवायचा, जोरात ब्रेक नाही मारायचा, म्हणजे खिळे नीट बसतात.

मग मडगार्ड. ते सीटच्या दांड्याला लटकवायचे प्लास्टिकचे तुकडे नकोत, पूर्ण लांबीचे घ्या, एसकेएसचे वगैरे, आणि टायरपेक्षा निदान सेंटीमीटरभर रुंद. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर लावा, अगदी रस्त्याच्या चार बोटं वरपर्यंत, दुकानात नाही मिळाली तर जुन्या ट्यूबचा किंवा प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा कापून रिव्हेट मारा. पुढच्या चाकाचं पाणी तुमच्या बुटांवर आणि थेट चेनवर जातं, ते ही झालर अडवते, त्यामुळे पाय कोरडे राहतात आणि चेनही जास्त टिकते.

आणि मडगार्डचा अजून एक फायदा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. या जुन्या सायकलींना बहुतेक कँटिलिव्हर ब्रेक असतात, त्यात दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी तार असते. पुढची मुख्य वायर तुटली तर ही तार टायरवर पडून गोट्यांत अडकू शकते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. मडगार्ड असेल तर ती त्याच्यावर पडते. तरी पण वायर जुन्या असतील तर सगळ्या नव्याच घाला, आतली आणि बाहेरची दोन्ही, फार महाग नाहीत.

ब्रेक बदलून वी-ब्रेक (लांब हातांचे नंतरचे रिम ब्रेक) लावायचे असतील तर लावा, शिमानोने ते १९९६ च्या सुमाराला आणले आणि या फ्रेमच्या त्याच खुंट्यांवर बसतात, पण लिव्हरही वी-ब्रेकचेच हवेत. जुने लिव्हर वायर कमी ओढतात, त्यांच्यावर वी-ब्रेक लावला तर लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक मात्र नीट लागत नाही. ही तडजोड करूच नका. ब्रेकचे रबर कूल-स्टॉप कंपनीचे, सामन (गुलाबी-केशरी) रंगाचे घ्या, ओल्या रिमवर फरक लगेच कळतो. दर आठवड्याला रबर उजेडात धरून बघा, त्यात चमकणारे बारीक कण रुतलेले दिसतील, ती तुमच्याच रिमची ॲल्युमिनियम आहे. टाचणीने एकेक कण उकरून काढायचा, नाहीतर ते रिम किसत राहतात. रिमच्या बाजूवर बोट फिरवा, खोलगट लागायला लागली तर ते चाक गेलं समजा, कारण भिंत पातळ झाली की एक दिवस हवेच्या दाबाने रिमच फाटते.

हँडल बदलायचा मोह होतो, रोडवर चालवायचीय म्हणून खाली वळलेलं ड्रॉप हँडल लावावं असं वाटतं. माझं मत, नको. या फ्रेम मुळातच लांब असतात, त्यात ड्रॉप हँडल आलं की हात फारच पुढे जातात आणि पाठ धरते, शिवाय ब्रेक लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर सगळंच बदलावं लागतं. सरळ हँडल राहू द्या, टोकाला बार-एंड (पुढे निघालेल्या छोट्या दांड्या) लावा म्हणजे हात बदलून धरता येतो, आणि स्टेम (हँडल धरणारा दांडा) थोडा वर घ्या, फक्त त्यावरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. सरळ हँडलवर जाड ग्लोव्ह्ज घालूनही ब्रेक दाबता येतो, जानेवारीत ते फार महत्त्वाचं आहे.

लाइटचं सांगायचं तर मँचेस्टरला डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे जाणं-येणं दोन्ही अंधारात. इथे कायद्याने पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर लागतोच, आणि सायकल ऑक्टोबर १९८५ नंतरची असेल तर पेडलला पिवळट-केशरी रिफ्लेक्टरही. मी मागे दोन दिवे लावतो, एक बंद पडला तर दुसरा असावा. रोज लांब जात असाल तर पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्यासाठी वीज करणारा) बसवून घ्या, शिमानोचा पुरेसा आहे, चार्जिंगची कटकटच संपते.

थंडी सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढून सगळं उघडा. चाकांच्या एक्सलवरचे कोन (छर्रे धरून ठेवणारे नट) काढून छर्रे पुसा, बोटींसाठी मिळतं ते मरीन ग्रीस भरा, पाण्याने वाहून जात नाही. सीटचा दांडा आणि स्टेम काढून ग्रीस लावून परत बसवा. फ्रेमच्या नळ्यांमध्ये वॅक्सऑइल फवारा, गाड्यांना गंज लागू नये म्हणून वापरतात तेच, आणि खाली क्रँकच्या नळीला पाणी निघून जायचं भोक असेल तर ते तारेने मोकळं करा.

रोज घरी आल्यावर बादलीभर साध्या पाण्याने मीठ धुवायचं. प्रेशर वॉशर अजिबात नाही, तो पाणी बेअरिंगच्या आत घुसवतो. चेन फडक्याने पुसून ओल्या हवेचं घट्ट तेल, एकेका कडीवर थेंब, वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. महिन्यातून एकदा चेनवर पट्टी धरा, पिन ते पिन बारा इंच भरले पाहिजेत, एक सोळांश इंच जास्त भरले की चेन बदला, म्हणजे मागचे दाते वाचतात. सात-आठ स्पीडची चेन स्वस्त असते, एका हिवाळ्याला एक गेली तरी चालतं.