बंदराच्या दीपगृहाचा इतिहास कसा शोधावा: एका गिरणी फिटरची पद्धत

सोलापुरातून जाणारा मिऱ्या–नागपूर महामार्ग सुरू होतो तो रत्नागिरीच्या समुद्रकाठी. माझी सगळी नोकरी गिरणीत फिटर म्हणून झाली. समुद्र नीट पाहिला तो निवृत्तीनंतर, नातीला घेऊन याच रस्त्याने गेलो तेव्हा. तिथलं दीपगृह दिसलं आणि मला पहिली आठवली ती आमच्या गिरणीची चिमणी. तेव्हापासून किनाऱ्यावर कुठेही गेलो तरी दीपगृह पाहिल्याशिवाय परतत नाही, आणि त्याचा इतिहास काढायची एक पद्धत हळूहळू बसत गेली. तीच इथे सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की धरा. गिरणीची इमारत एका सालची, इंजिन दुसऱ्या सालचं आणि साचे तिसऱ्या सालचे असतात. दीपगृहाचंही तसंच आहे. मनोरा, भिंग, भिंग फिरवायची यंत्रणा आणि दिवा, या चौघांची वयं वेगळी असतात. दारावरच्या पाटीवर बहुतेक वेळा मनोऱ्याचं साल असतं. सुरुवातीला मी तेवढंच वहीत उतरवून घरी यायचो आणि समजायचो की काम झालं. आता वहीत चार रकाने आखून नेतो.

जायच्या आदल्या रात्री लांबून दिवा पाहा. प्रत्येक दीपगृहाची चमकायची पद्धत वेगळी असते, म्हणजे अंधारात खलाशाला एक बंदर आणि दुसरं बंदर यांत गफलत होत नाही. एक झोत की दोनाचा जोड, आणि पुन्हा तोच क्रम किती सेकंदांनी, हे मोजायचं. एकाच फेरीवर विसंबू नका. दहा फेऱ्यांचा वेळ घ्या आणि दहाने भागा. सुरुवात पहिल्या झोताच्या उजेडापासून धरा, अंधारापासून नको. माझी नात मोबाइलवर व्हिडिओ काढते आणि त्यातला वेळ वाचते, तेही चांगलं. देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय जहाजांसाठी दिव्यांची यादी प्रसिद्ध करतं. तुमचा आकडा तिच्याशी ताडून पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी वर जायला परवानगी मिळाली तर जिना चढताना मधल्या पोकळीकडे लक्ष ठेवा. पूर्वी भिंग फिरायचं ते वजनावर. लंबकाच्या घड्याळासारखंच ते यंत्र, फक्त मोठं. जड वजन मनोऱ्याच्या पोकळीतून सावकाश खाली उतरायचं आणि रखवालदार रात्रीतून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून ते वर घ्यायचा. वजन कधीच काढलेलं असलं तरी दोराची फट, कप्पी किंवा भिंतीतला लोखंडी मार्ग बहुधा शिल्लक असतो. तो दिसला की समजायचं, विजेची मोटर इथे नंतर आली.

वर पोहोचल्यावर घाई करू नका. भिंगापाशी वेळ द्या, कारण खरी करामत तिथे आहे. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने जाड काचेऐवजी काचेच्या कड्या एकाबाहेर एक बसवून भिंग केलं आणि १८२३ मध्ये कोर्दुआंच्या दीपगृहात ते लागलं. याचं तत्त्व घरीच कळतं. स्टेशनरीच्या दुकानात वाचायला पानाएवढं पातळ प्लास्टिकचं भिंग मिळतं, त्यावर नख फिरवा. बारीक खाचा लागतील, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. प्रत्येक खाच म्हणजे जाड भिंगाच्या वक्र पाठीचा एक काप, मधली फुकटची काच काढून टाकलेली. रात्री त्यामागे छोटी बॅटरी पुढे-मागे सरकवा. एका ठराविक अंतरावर समोरच्या भिंतीवरचा पसरलेला उजेड एकवटतो. ते नाभीय अंतर. (हे प्लास्टिक उन्हात मात्र ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात कागद पेटायला वेळ लागत नाही.)

हेच अंतर दीपगृहात टेपने काढता येतं. दिव्याच्या मध्यापासून भिंगाच्या आतल्या बाजूपर्यंत ९२ सेंटिमीटर असेल तर ते पहिल्या श्रेणीचं, खोल समुद्रासाठीचं भिंग. २५ सेंटिमीटर म्हणजे चौथी श्रेणी, १५ म्हणजे सहावी. बंदराच्या तोंडाशी बहुधा अशी लहान भिंगंच सापडतात. काचेला बोट लावू नका, टेपही टेकवू नका. रखवालदाराला विचारून अंदाज घेतला तरी पुरे. भिंगाला एकसारख्या किती बाजू आहेत तेही मोजा. चार बाजू असतील आणि दर पाच सेकंदांनी एक झोत येत असेल, तर भिंग वीस सेकंदांत एक फेरा घेतं. रात्रीचा आकडा आणि दिवसाचा आकडा असे जुळले की मला साचा नीट लागल्यासारखं समाधान मिळतं.

मग खाली वाकून भिंग कशावर फिरतं ते पाहा. लोखंडी रुळावर चाकं असतील तर रचना जुन्या धाटणीची. गोल कुंडात पारा असेल आणि त्यावर भिंग तरंगत असेल तर ती तऱ्हा १८९० च्या सुमाराची किंवा नंतरची. पाऱ्यावर टनावारी काच बोटाने ढकलली तरी फिरते. मी आयुष्यभर बेअरिंगांना ग्रीस दिलं, पण असं बेअरिंग मला गिरणीत कधी भेटलं नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून तिथे तोंड खाली घालून उभं राहू नका, मुलांना लांब ठेवा.

दिव्याचं वय सगळ्यात पटकन बदलतं. आधी तेलाची वात, मग रॉकेलची वाफ करून जाळी पेटवायची तऱ्हा, आपल्या वरातीतल्या पेट्रोमॅक्सची थोरली बहीणच. पुढे अॅसिटिलीन वायू. स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने त्यासाठी उन्हावर चालणारा व्हॉल्व्ह केला. काळी दांडी दिवसा उजेड शोषून लांबते आणि वायू बंद करते, अंधार पडला की आखडते आणि दिवा पेटतो. त्याला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता बहुतेक ठिकाणी वीज आणि एलईडी आहे, पण जुने नळ, टाकीच्या खुणा, छताची काजळी शोधली तर सापडते.

कागद कुठे मागायचे हेही ठरलेलं आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याने (२०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) दिवे दोन प्रकारचे केले: सगळ्या जहाजांसाठीचे केंद्राकडे, आणि स्थानिक म्हणजे बंदराच्या वाटेचे त्या त्या बंदराकडे. त्यामुळे आधी हा दिवा कुणाचा ते विचारा, नाहीतर चुकीच्या कार्यालयात हेलपाटे होतात. माझे दोन झाले. मुंबईजवळ सुरुवात करायची तर खांदेरी घ्या. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला आणि त्याच बेटावर १८६७ चं दीपगृह आहे. कुलाब्यापुढचं प्राँग्ज १८७५ चं.

उजेड किती लांब दिसतो तेही वहीत हवं. समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. दिवा १०० मीटरवर असेल तर साधारण ३६ किलोमीटर. डेकवरच्या खलाशाचा डोळा ९ मीटरवर असेल तर त्याचे जवळजवळ ११ आणखी मिळवा.

मनोऱ्याची उंची मात्र उतरतानाच काढा, चढताना धाप लागते आणि आकडा चुकतो. पायऱ्या मोठ्याने मोजा आणि एका पायरीची उंची पट्टीने घ्या. एकच पायरी घेऊ नका. तळाची, मधली आणि वरची अशा तीन घेऊन सरासरी काढा, कारण तळाच्या पायऱ्या इतक्या वर्षांच्या पावलांनी झिजलेल्या असतात. किती झिजल्यात तेही तिथेच लिहून ठेवा.