लांब झूमचा कॅमेरा: निवड आणि रोजचा वापर

कॅमेऱ्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ३०एक्स, ६०एक्स, १२५एक्स असा आकडा छापलेला असतो. कॅमेरा किती लांबचं टिपेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो साधा भागाकार आहे: लेन्सच्या सर्वांत लांब टोकाच्या फोकल लेंग्थला (मिलिमीटरमधलं माप; ते जितकं मोठं तितकं लांबचं जवळ दिसतं) सर्वांत रुंद टोकाच्या फोकल लेंग्थने भागलं की तो येतो. २० ते १२०० मिमीचा कॅमेरा ६०एक्स, २४ ते १२०० मिमीचा ५०एक्स, पण लांबचा पल्ला दोघांचा एकच. म्हणून ‘एक्स’ बाजूला ठेवा आणि दोन्ही टोकांचे मिलिमीटर वाचा. या लेखातले सगळे मिलिमीटर, वेगळं सांगितलं नसेल तिथे, ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने आहेत, म्हणजे त्या फिल्मवर तेवढीच चौकट देणाऱ्या लेन्सचे. कंपन्याही तोच हिशेब छापतात.

रुंद टोकाकडे खरेदी करताना कुणी फारसं पाहत नाही, आणि रोज तेच सगळ्यात जास्त लागतं. लहान खोलीत आठ-दहा माणसं एका फोटोत बसवायची तर सुरुवात २४ मिमी किंवा त्याखाली हवी. वरच्या बाजूला अंदाज असा: मंचावरचा कार्यक्रम आणि मैदानावरचा खेळ २०० ते ४०० मिमीत होतो, बगळ्याएवढा पक्षी ६०० मध्ये, चिमणीएवढा पक्षी आणि चंद्र यांना १२०० किंवा जास्त. आपले किती फोटो ६०० च्या पुढचे असतील, याचं प्रामाणिक उत्तर आधी शोधा. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चिप, कोणता घ्यायचा ते त्यावरच ठरतं.

सेन्सर आणि उजेड

या कॅमेऱ्यांत मुख्यतः दोन आकाराचे सेन्सर येतात. १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ‘१ इंची’ सेन्सर १३.२ × ८.८ मिमी. त्याची एकही बाजू इंचभर नसते. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून चालत आलं आहे. तरी क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट, आणि कमी उजेडात हा चौपटीचा फरक फोटोत स्वच्छ दिसतो.

मग सगळ्यांनीच मोठा सेन्सर का लावला नाही? कारण सेन्सर वाढला की त्याच पल्ल्यासाठी लेन्सही वाढते. निकॉन पी९०० चं २००० मिमीचं टोक प्रत्यक्षात ३५७ मिमी आहे. सेन्सर चिमुकला म्हणूनच ते जमतं. १ इंची सेन्सरचे कॅमेरे याच्या बरेच आधी थांबतात: पॅनासॉनिक एफझेड१००० मध्ये २५–४०० मिमी, सोनी आरएक्स१० मार्क ४ मध्ये २४–६०० मिमी. दुसऱ्या टोकाला निकॉन पी१०००: २४–३००० मिमी, पण वजन सुमारे १.४ किलो.

घरातले, संध्याकाळचे, समारंभाचे फोटो निम्म्याहून जास्त असतील तर १ इंची सेन्सर घ्या आणि ६०० मिमीवर समाधान माना. २० मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला की १२०० मिमीची चौकट मिळते आणि हातात ५ मेगापिक्सेल उरतात. ९ × ६ इंची छपाईला ते पुरतात. पक्षी आणि चंद्र हेच वेड असेल, आणि बाहेर पडणं भर उजेडातच होणार असेल, तर छोट्या सेन्सरचा लांब पल्ला खरोखर उपयोगी पडतो.

लेन्सवर ‘१:२.८–६.५’ असं काही लिहिलेलं असतं, तेही वाचा. हे अ‍ॅपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे आकडे; ‘एफ/’ लावून लिहितात, आणि आकडा लहान तितकं छिद्र मोठं. पहिला आकडा रुंद टोकाचा, दुसरा लांब टोकाचा. एफ/२.८ वरून एफ/६.५ वर गेलं की प्रकाश साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे जिथे हात सर्वांत जास्त हलतो तिथेच उजेड सर्वांत कमी. पॅनासॉनिक एफझेड३०० ने छोटा सेन्सर ठेवूनही ६०० मिमीपर्यंत एफ/२.८ कायम ठेवलं, म्हणून ते मॉडेल अजून शोधून घेण्यासारखं आहे.

डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नसलेला लांब झूमचा कॅमेरा घेऊ नका. १२०० मिमीवर चौकटीची रुंदी दोन अंशांहून कमी असते; हात लांब करून पडद्यात बघत तेवढ्याशा चौकटीत पक्षी धरून ठेवणं फार कठीण. शिवाय उन्हात पडदा नीट दिसत नाही.

जुना कॅमेरा घेत असाल तर एक तपासणी न चुकता करा. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. ती सेन्सरवर बसली की घरी निघत नाही, कारण लेन्स काढता येत नाही. कॅमेरा ‘ए’ मोडवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) घ्या, एफ/८ ठेवा, झूम पूर्ण करा आणि सूर्यापासून दूरच्या मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. फोटो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात फिरा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे, कडा विरलेले ठिपके दिसले तर तो कॅमेरा सोडून द्या. झूम करताना कुरकुर ऐकू येणं किंवा लेन्सचं नळकांडं मध्येच अडखळणं, हेही वाईट लक्षण.

आधी हे बदला

डिजिटल झूम बंद करा. त्याला वेगवेगळी आकर्षक नावं दिलेली असतात, पण काम तेच: चौकट कापून फुगवणं. ते घरी संगणकावर जास्त शांतपणे करता येतं.

मोड ‘ए’ ठेवा आणि अ‍ॅपर्चर सर्वांत मोठं, म्हणजे एफचा आकडा सर्वांत लहान. मोठ्या कॅमेऱ्यावरून आलेले लोक ‘एफ/८ ला फोटो धारदार येतो’ ही सवय घेऊन येतात. छोट्या सेन्सरवर उलटं होतं. छिद्र बारीक झालं की प्रकाश कडेने पसरतो आणि तपशील मऊ पडतो.

आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा ते) ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा घाला: छोट्या सेन्सरला ८००, १ इंचीला ३२००. त्यापुढे पिसं आणि केस रंग फासल्यासारखे दिसतात. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फोटोची) सोय असेल तर अंधुक उजेडात ती वापरा.

हलणं

हाताने काढताना जुना नियम असा, की शटरचा वेग एक भागिले मिलिमीटर एवढा तरी हवा. १२०० मिमीवर १/१२५० सेकंद. स्टॅबिलायझेशन चांगलं असेल तर तीन-चार पायऱ्या खाली उतरता येतं, म्हणजे १/१६० ते १/८०. पण स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. बसलेला पक्षीसुद्धा मान सतत वळवत असतो, त्याला १/२५० ते १/५०० लागतं. उडणाऱ्याला १/१६०० च्या पुढे. अशा वेळी ‘एस’ मोडवर जा, तिथे शटरचा वेग आपण ठरवतो.

डावा तळहात लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, व्ह्यूफाइंडर भुवईला लावलेला. अर्धा श्वास सोडून थांबा आणि बटण चेपत न्या, टोचू नका. तीन ते पाच फोटोंचा बर्स्ट घ्या, म्हणजे एका दाबात सलग फोटो. बोट दाबताना आणि उचलताना बसणारा धक्का पहिल्या-शेवटच्या फोटोत जातो, मधला बहुतेक वेळा स्वच्छ निघतो. मात्र त्याहून जास्त वेळ बटण धरून ठेवू नका. छोट्या सेन्सरचे बरेच कॅमेरे सात-दहा फोटो काढून कार्डावर लिहीत बसतात आणि पक्षी नेमका तेव्हाच उडतो.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. वाऱ्यात लेन्सहूड काढा, तो शिडासारखा वारा धरतो.

पक्षी चौकटीत आणणं

नवख्याची निराशा इथे होते: झूम पूर्ण केला, आणि समोर नुसती पानं. फांदी कोणती तेच कळत नाही. क्रम असा ठेवा. नजर पक्ष्यावरच ठेवून कॅमेरा डोळ्याकडे आणा, डोळा कॅमेऱ्याकडे नेऊ नका. २०० मिमीच्या आसपास पक्षी मध्यावर घ्या, बटण अर्धं दाबून फोकस मिळवा, सोडा. मग झूम वाढवत जा आणि दर थोड्या वेळाने पक्षी पुन्हा मध्यावर आणा. हरवला तर बऱ्याच कॅमेऱ्यांवर लेन्सच्या बाजूला एक बटण असतं. ते धरलं की झूम क्षणात मागे येतो, पक्षी मध्यावर घेऊन सोडलं की पूर्वीच्या जागी जातो. हे बटण अंगठ्याला न बघता सापडेल एवढा सराव घरीच करा.

फोकसचा चौकोन सर्वांत लहान ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या काडीवर फोकस करतो. फोकस पुढे-मागे भटकत राहिला तर तेवढ्याच अंतरावरचा बुंधा धरून अर्धं दाबा आणि परत पक्ष्यावर या. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) –०.७ ते –१ करा, म्हणजे पिसांची नक्षी टिकेल. उजळ आकाशासमोरच्या काळ्या आकृतीला +१ ते +१.७.

सगळं नीट करूनही लांबचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा आला, तर दोष कॅमेऱ्याचा नसून हवेचा असतो. तापलेले रस्ते, छपरं, वाळू यांच्यावरची हवा थरथरते आणि झूम ती थरथरही मोठी करतो. शटर कितीही वेगवान ठेवा, उपाय नाही. सकाळी लवकर जा, किंवा जवळ जा. बंद खिडकीच्या काचेतून पूर्ण झूमने काढलेला फोटोही असाच विरतो.

जवळचं लांबून

फुलपाखराच्या अगदी जवळ लेन्स नेली तर ते उडतं, आणि पूर्ण झूमवर लेन्सला काही मीटरच्या आत फोकस होत नाही. लेन्सपुढे आटे असतील तर +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोजअप लेन्स लावा. मग झूम कितीही असला तरी फोकस अर्ध्या मीटरच्या आत-बाहेरच मिळतो, त्याहून लांबचं धूसर. कॅमेरा स्वतः पुढे-मागे करत फोकस आणावा लागतो. दोन काचा चिकटवलेली क्लोजअप लेन्स घ्या, एकेरी काचेच्या लेन्समध्ये कडांना जांभळी किनार येते.

चंद्र

ऑटोवर चंद्र पांढरा फटफटीत येतो, कारण कॅमेरा काळं आकाश मोजतो. ‘एम’ मोड (सगळं आपण ठरवायचं), आयएसओ १००, एफ/६.५, शटर १/२५०, फोकस चंद्राच्या कडेवर. अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र अंधुक असतो, त्याला १/१२५. पण विवरं तेव्हाच दिसतात, उजेड-अंधाराच्या सीमेवर, लांब सावल्यांसकट. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं आणि सगळं सपाट दिसतं. १२०० मिमीवर चंद्र चौकटीच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो, २००० वर सुमारे तीन-चतुर्थांश. पूर्ण झूमवर तो काही सेकंदांतच सरकताना दिसतो, म्हणून त्याला चौकटीच्या एका बाजूला घ्या आणि तो मध्यावर आला की बटण दाबा.

सूर्यावर मात्र खास सौर फिल्टर लेन्सच्या पुढे लावल्याशिवाय झूम नेऊ नका. सेन्सर जळतो.