क्वेबेकमध्ये चेहरा, पदर आणि कायदा: नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला येऊ घातलेली मराठी कुटुंबे घरभाडे, थंडीचे कपडे आणि फ्रेंचचे वर्ग यांविषयी भरपूर विचारतात. बुरख्याविषयी कोणीच विचारत नाही, कारण तो आपला प्रश्न नाही असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. आपल्यातल्या कोकणी मुस्लिम भगिनींचा तर तो थेट प्रश्न आहे, आणि इतरांनाही तो कुठे ना कुठे गाठतोच. आर्थिक प्रवर्गातून कायमस्वरूपी वास्तव्यासाठी येणाऱ्यांना जानेवारी २०२० पासून क्वेबेकची मूल्ये शिकल्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि त्यात 'लाइसिते' हा शब्द भेटतो.

या शब्दाचे भाषांतर 'धर्मनिरपेक्षता' असे करून मोकळे होऊ नये. आपल्याकडे त्या शब्दामागे सर्वधर्मसमभाव उभा असतो. येथे शासनाने, आणि शासनाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने, धर्मापासून अंतर राखणे असा त्याचा अर्थ घेतला जातो. १९६० च्या दशकापर्यंत येथील शाळा आणि रुग्णालये मोठ्या प्रमाणावर कॅथलिक चर्चच्या हाती होती, आणि धर्मगुरूंच्या धाकाच्या आठवणी सांगणाऱ्या आजीबाई आजही भेटतात. त्यांच्यापैकी काहींना निकाब पाहून मुसलमानांपेक्षा स्वतःच्या शाळेतील जोगिणी (नन) आधी आठवतात. अर्थात, या भूमिकेत विसंगती नाही असे नाही: प्रांतिक विधिमंडळात १९३६ साली लावलेला क्रूस जुलै २०१९ मध्ये, म्हणजे इतरांच्या धर्मचिन्हांवर बंदी घालणारा कायदा झाल्यानंतर, खाली उतरला.

शब्दांचा घोळही आधी मिटवावा. मराठीत आपण सरसकट 'बुरखा' म्हणतो आणि फ्रेंचमध्ये सरसकट 'व्वाल' म्हणतात. पण केस झाकून चेहरा उघडा ठेवणारा हिजाब आणि डोळ्यांखेरीज चेहरा झाकणारा निकाब यांना कायदा वेगवेगळे नियम लावतो.

सरकारी सेवा देणाऱ्या-घेणाऱ्याने चेहरा उघडा ठेवावा, असे सांगणारा ६२ क्रमांकाचा कायदा ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. निकाब घातलेल्या बाईने बसमध्ये प्रवासभर चेहरा उघडा ठेवायचा की काय, यावर मंत्रिमहोदयांनी आधी एक आणि नंतर दुसरे उत्तर दिले. शेवटी छायाचित्र असलेले सवलतीचे कार्ड दाखवतानाच तो उघडावा, असा खुलासा झाला. न्यायालयाने ते कलम स्थगित केले. पुढे जून २०१९ मध्ये २१ क्रमांकाचा कायदा आला. त्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याने काम करताना चेहरा उघडा ठेवायचा, आणि सेवा घेणाऱ्याने ओळख पटवण्यासाठी किंवा सुरक्षेसाठी गरज असेल तेव्हा तो उघडायचा. शिवाय सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील आदींना कोणतेही धर्मचिन्ह घालण्यास मनाई झाली. हा कायदा न्यायालयात सहजी पडू नये म्हणून कॅनडाच्या हक्कसनदेतील ३३ वे कलम, म्हणजे काही हक्क बाजूला ठेवून कायदा करण्याची मुभा, वापरले गेले. त्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि २०२४ मध्ये ती वाढवण्यात आली. (कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, २०२० च्या जुलैत, त्याच सरकारने साथीमुळे सर्वांना नाक-तोंड झाकायला लावले, हा योगायोग निकाब घालणाऱ्या बायकांच्या नजरेतून सुटला नसणार.)

आता आपल्या घरातले. धर्मचिन्हाच्या व्याख्येत कपड्यांबरोबर दागिनेही येतात, आणि ते दिसलेच पाहिजेत अशी अट त्यात नाही. म्हणून शिक्षिकेच्या नोकरीसाठी येणाऱ्या भगिनींनी मंगळसूत्र हे 'फक्त लग्नाचे' असे समजून गप्प राहू नये. २७ मार्च २०१९ रोजी नोकरीत असलेल्यांना त्याच पदावर असेपर्यंत सूट आहे, नव्याने येणाऱ्यांना नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सी गावातील एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गावरून हलवण्यात आले. नदीपलीकडच्या ओटावात, म्हणजे ऑन्टारियो प्रांतात, तीच शिक्षिका त्याच वेशात शिकवू शकली असती. कुठे स्थायिक व्हायचे हे ठरवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

संघराज्याच्या पातळीवर चित्र वेगळे आहे. पाकिस्तानातून आलेल्या झुनेरा इशाक यांनी नागरिकत्वाच्या शपथेच्या वेळी निकाब काढण्यास नकार दिला. ओळख पटवण्यासाठी अधिकाऱ्यासमोर खासगीत चेहरा दाखवण्यास त्यांची हरकत नव्हती. त्या न्यायालयात जिंकल्या आणि ९ ऑक्टोबर २०१५ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्या दहा दिवस आधी, त्यांनी निकाबमध्येच शपथ घेतली.

राहिला जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न. मुसलमानांविरुद्ध दोन शब्द बोलले की आपण 'चांगल्या स्थलांतरितां'त मोजले जाऊ, या आशेने बोलणारे आपले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची मला लाज वाटते. २९ जानेवारी २०१७ रोजी क्वेबेक शहरातील मशिदीत गोळीबारात सहा नमाजी मारले गेले. या शहरांत तो दिवस अजून ओला आहे. उलट, कायद्याला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाला वंशद्वेष्टा ठरवणेही चूक आहे, कारण त्यांत स्वतः धर्मबंधने झुगारून आलेल्या स्त्रियाही भेटतात. मला स्वतःला हा कायदा अन्यायकारक वाटतो, कारण त्याची किंमत प्रामुख्याने नोकरी शोधणारी बाई मोजते. हे मी सहकाऱ्यांना फ्रेंचमध्येच सांगतो, आणि फ्रेंचमध्ये सांगितल्यामुळे ते निदान ऐकून घेतात.

शाळेत अर्ज करणार असाल, तर करारावर सही करण्यापूर्वी गळ्यातल्या-डोक्यावरच्या गोष्टींविषयी शाळामंडळाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.