ऑडिओ गेम अंध मित्रांपर्यंत कसे पोहोचवावेत?

ऑडिओ गेमचा, म्हणजे नुसतं कानाने ऐकून खेळायच्या गेमचा, प्रचार करायचा म्हटलं की पहिलं पोस्टर बनतं, आणि गाडी तिथेच अडते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या रंगीत पोस्टरपाशी बोट नेलं की स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) बहुतेक वेळा 'फोटो' एवढंच बोलून गप्प होतो. म्हणजे ज्यांच्यासाठी खेळ, तेच सोडून बाकी सगळ्यांना कळतं.

तेव्हा पोस्टर नंतर. आधी गेम स्वतः खेळा, डोळ्यांवर ओढणी बांधून आणि टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनचा) सुरू करून. काही गेममध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात, प्रत्येक ठिकाणी नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतं. मध्येच जाहिरात टपकते आणि ती बंद करायची फुली सापडत नाही. असा गेम यादीतून काढून टाका. एकदा तोंडघशी पडलेला माणूस तुमच्या दुसऱ्या शिफारशीकडे बघणारही नाही.

मग गेम कुठे खेळायचा, याचा विचार करा. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. २०१५ साली आलेल्या 'अ ब्लाइंड लेजंड' या फ्रेंच गेममध्ये अंध सरदाराला त्याची मुलगी आवाजाने वाट दाखवते; ती डावीकडून बोलतेय की उजवीकडून, यावर सगळा खेळ. २०२१ च्या 'द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन'मध्येही शत्रू कुठल्या बाजूने येतोय हे कानानेच ओळखायचं. असे गेम दोन्ही कानांत हेडफोन घालून, घरी बसूनच खेळायचे. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन' ऐकायला कान मोकळा लागतो, म्हणून प्रवासात पत्ते, शब्दकोडी, प्रश्नमंजूषा असे सावकाश चालणारे, एका कानात इअरफोन घालूनही जमणारे खेळ सुचवा. वायरवाला हेडफोन केव्हाही बरा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि तेवढ्यात तलवार बसलेली असते.

आता खरी अडचण. स्वतः बोलणारे बरेच गेम टॉकबॅक सुरू असताना नीट चालत नाहीत, कारण बोटाच्या खुणा टॉकबॅकच पकडतो. म्हणून खेळताना तो थांबवावा लागतो. पण थांबवायला शिकवण्याआधी परत सुरू करायला शिकवा! अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम काही सेकंद दाबून धरायची. आयफोनवर बाजूचं बटण तीनदा दाबायचं (जुन्या आयफोनवर होम बटण). हे शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावे लागतात, ते तुमच्यासमोरच करून घ्या. नाहीतर तुम्ही निघून जाल आणि त्या माणसाच्या हातात मुका फोन उरेल. आयफोनवर 'मोनो ऑडिओ' बंद आहे ना, तेही बघा. तो चालू असेल तर डावं-उजवं कळतच नाही.

लोक कुठे भेटतील? वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), सेंट झेवियर्स कॉलेजमधलं अंधांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, दादरची कमला मेहता अंधशाळा. आधी फोन करा, परवानगी घ्या, तासभर मागा. ४ जानेवारीचा ब्रेल दिन किंवा १५ ऑक्टोबरचा पांढरी काठी दिन शक्यतो टाळा. त्या दिवशी भाषणांच्या गर्दीत तुमचा गेम कोण खेळणार? स्टेज, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो यातलं काही नको. शांत खोली आणि चार-पाच हेडफोन पुरेत. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांचं बोट धरून स्क्रीनवर फिरवायचा मोह होतो, तो आवरा. तोंडी सांगा, 'खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वर सरकवा.' बरेच गेम इंग्रजीत असतात, म्हणून सुरुवातीच्या सूचना मराठीत समजावून द्या.

त्यानंतर प्रचाराचा मेसेज, आणि तोही व्हॉइस मेसेज. साधारण असा: 'नमस्कार. गेमचं नाव अमुक. अँड्रॉइडवर चालतो. उतरवायला फुकट, पुढचे टप्पे विकत. भाषा इंग्रजी. हेडफोन लागतो. टॉकबॅक थांबवून खेळायचा.' पाऊण मिनिटात संपवा. सोबत लिंक मजकुरात पाठवा आणि इमोजींची माळ लावू नका. स्क्रीन रीडर त्यातलं एकेक चिन्ह वाचत बसतो. 'अंधांच्या आयुष्यात आनंदाचा किरण' छापाची वाक्यं तर अजिबात नकोत. गेम भारी असेल तर भारी आहे म्हणा.

खरा प्रसार पुढे त्यांच्याच गप्पांतून होतो, लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात, हॉस्टेलवर. म्हणून ज्याला गेमची गोडी लागली त्यालाच पुढच्या वेळी शिकवायला बसवा आणि तुम्ही मागे राहा. आठवड्याभराने फोन करून विचारा, कुठे अडलं? मिळालेल्या तक्रारी, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती यांसह, गेम बनवणाऱ्यांना लिहून कळवा. ऑडिओ गेम बनवणारे बरेचदा एकटेदुकटे असतात, नेमकी तक्रार मिळाली तर दुरुस्ती करणं त्यांनाही सोपं जातं.