व्हिडिओ शोधप्रणालीची चाचणी घेताना या चुका टाळा

हजारो व्हिडिओंच्या संग्रहातून हवा तो प्रसंग शोधून देणारी प्रणाली कितपत चांगली आहे हे तपासताना आपण बहुधा यंत्राचीच परीक्षा घेतो आणि समोर बसून ते चालवणाऱ्या माणसाला हिशेबातून वगळतो. २०१२ पासून भरणाऱ्या ‘व्हिडिओ ब्राउझर शोडाउन’ या स्पर्धेत संघ ठरावीक वेळेत एकच प्रश्न एकाच वेळी सोडवतात, आणि तिथे माणूस व यंत्र या जोडीचीच कसोटी लागते. आपल्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतही हेच भान हवे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर बरोबर की चूक एवढेच नोंदवणे. समजा, वीस सेकंदांची क्लिप दाखवली आणि शोधणाऱ्याने ‘पावसात लाल छत्री घेतलेली मुलगी’ असे टाइप केले. हवा तो प्रसंग निकालांच्या तिसऱ्या पडद्यावर आला, परंतु त्याचे लघुचित्र, म्हणजे यादीत त्या प्रसंगाऐवजी दिसणारे छोटे स्थिर चित्र, नेमके छत्री चौकटीबाहेर गेल्याच्या क्षणाचे होते. त्यामुळे तो प्रसंग नजरेखालून गेला आणि वेळ संपली. गुणपत्रिकेत फक्त शून्य दिसते, आणि आपण निष्कारण मॉडेल, म्हणजे शब्दांवरून प्रसंगांची क्रमवारी लावणारा प्रोग्राम, बदलायला बसतो. म्हणून प्रत्येक शोध, त्यावर आलेली क्रमवारी आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसत होते, हे सर्व वेळेसह लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, उतरले पाहिजे. प्रसंग यादीत फार खाली असेल तर दोष शब्दांत किंवा मॉडेलमध्ये शोधावा. डोळ्यांसमोर येऊनही निसटला असेल, तर लघुचित्रांची निवड आणि मांडणी आधी तपासावी. सर्व यंत्रांची घड्याळे सर्व्हरशी जुळवलेली नसतील, तर हा लॉगही फसवा ठरतो.

प्रणाली ज्याने घडवली त्यानेच ती चालवून दाखवणे ही दुसरी चूक. त्या स्पर्धेत नवख्यांसाठी वेगळी फेरी ठेवतात, ती याचसाठी. दोन प्रणालींची तुलना करताना एकाच व्यक्तीला तोच प्रश्न दोनदा देऊ नये, कारण दुसऱ्या वेळी उत्तर तिच्या आठवणीतून येते. प्रश्न आणि प्रणाली यांचा क्रम आलटूनपालटून लावावा.

सरासरी वेळ काढताना न सुटलेले प्रश्न गाळले, तर सोपे तेवढेच सोडवणारी प्रणाली सर्वांत वेगवान दिसते. सुटलेल्यांचे प्रमाण आणि वेळ एकत्रच मांडावेत. क्लिप पाहून शोधणे आणि टप्प्याटप्प्याने उघड होणारे वर्णन वाचून शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची एकच सरासरी काढू नये.

प्रश्न निवडतानाही जपावे लागते. सुमारे १,००० तासांच्या आणि ७,४७५ व्हिडिओंच्या ‘व्ही३सी१’ सारख्या संग्रहात सारखीच दिसणारी दृश्ये सहज सापडतात. बरोबर उत्तर चुकीचे ठरू नये म्हणून अशी दृश्ये आधीच तपासावीत. ‘सायकल चालवणारी माणसे’ अशा, अनेक उत्तरे असलेल्या प्रश्नांत स्थिर उभी सायकल धरायची की नाही, हे परीक्षकांनी चाचणीआधीच ठरवून लिहून ठेवावे. चाचणी सुरू असताना हा निकष बदलला, तर आधी तपासलेली उत्तरेही त्याच निकषाने पुन्हा तपासावी लागतात.