कंपनीसाठी विकी निवडताना: सही करण्याआधीच्या चाचण्या

विकी म्हणजे कर्मचाऱ्यांनी मिळून लिहायची आणि बदलायची कंपनीची माहितीची पानं. डेमोत कुठलाही विकी छानच दिसतो, कारण त्यातली मोजकी पानं विक्रेत्यानेच सजवलेली असतात. यादीत दोन-तीन सॉफ्टवेअरच ठेवा आणि प्रत्येकात स्वतःची २०० खरी पानं टाका. जुनी, लांबलचक तक्त्यांची, एक्सेल-पीडीएफ जोडलेली पानं मुद्दाम निवडा.

मोठ्या कंपनीत घोळ होतो तो परवानग्यांत. दोन खाती उघडा, एक एचआरचं, एक बाहेरच्या कंत्राटदाराचं. पगारश्रेणीचं पान फक्त एचआरला खुलं ठेवा आणि त्यातलाच एखादा शब्द कंत्राटदाराच्या खात्यातून शोधा. पान उघडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. निकालांत शीर्षक किंवा दोन ओळी दिसल्या तरी माहिती फुटली. जोडलेल्या फाइलची थेट लिंकही त्याच खात्यातून उघडून पाहा, पुष्कळदा गळती तिथे असते. मीडियाविकी घडला विकिपीडियासाठी, सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून. पानागणिक वाचनबंदी हवी असेल तर तो घेऊच नका.

कारखान्याचे नियम मराठीत असतील तर शोधात 'रजा' टाका. पानावर 'रजेचा अर्ज' असेल, तर ते सहसा सापडत नाही. इंग्रजी शब्दांची रूपं जुळवणारं शोधयंत्र 'रजेचा' हा वेगळाच शब्द धरतं. अशा वेळी मूळ शब्द पानाच्या लेबलांत लिहायची शिस्त लावावी लागते.

एसएसओ, म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश, हवंच. पण नोकरी सोडणाऱ्याचं खातं आपोआप बंद व्हायचं तर एससीआयएमही (खाती आपोआप उघडणारी-बंद करणारी जोडणी) लागतं, आणि ते अनेकदा महागड्या प्लॅनमध्येच असतं. कोटेशन त्याच प्लॅनचं मागवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आत शिरण्याआधी बाहेर पडून पाहा. कॉन्फ्लुएन्स या विकीच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला आणि ती वापरणाऱ्या अनेकांना हलावं लागलं. ही वेळ कुणावरही येऊ शकते. चाचणीतली २०० पानं एक्स्पोर्ट करून दुसऱ्या विकीत चढवा आणि अंतर्गत लिंक, जोडफायली, मॅक्रो (पानात आपोआप मजकूर भरणारे तुकडे), पानांचा इतिहास यांतलं काय तुटलं ते मोजा. पीडीएफ निघते, हे उत्तर मान्य करू नका. पीडीएफमधून विकी पुन्हा उभा राहत नाही. डोकुविकी पानं साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवतो, डेटाबेस लागत नाही, त्यामुळे तिथला मजकूर तरी हाताशी राहतो. बाकीच्यांकडून एक्स्पोर्टचा प्रकार आणि करार संपल्यावर डेटा किती दिवस मिळेल, हे करारातच लिहून घ्या.