नव्या ले-आऊटचे पावसाचे पाणी: छोट्या नगरपरिषदेने तपासणी कशी करावी

शेतात पडलेला पाऊस बांधाला अडतो, बराचसा मुरतो आणि उरलेला हळूहळू ओढ्याला मिळतो. त्याच शेतात प्लॉट पडले, डांबरी रस्ते आणि स्लॅब झाले की तेच पाणी पंधरा-वीस मिनिटांत खालच्या आळीत उतरते. ज्याच्या घरात पाणी शिरते तो ले-आऊटवाल्याकडे जात नाही, नगरपरिषदेत येतो. तोवर विकासक प्लॉट विकून मोकळा झालेला असतो आणि खालचा नाला रुंद करायचा खर्च गावाच्या माथी येतो.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या यूडीसीपीआरने (एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने) मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली दिली. पुणे महापालिकेला जो नियम, तोच २५ ते ४० हजार लोकवस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेला. पण नगरपरिषदेत रस्ते, पाणीपुरवठा, बांधकाम परवानग्या आणि नालेसफाई बहुतेक वेळा एकाच अभियंत्याकडे असते. म्हणून आपल्याकडे असलेला वेळ नेमका कुठल्या टप्प्यावर खर्च करायचा, हे आधी ठरवावे लागते.

नियम कुठे पकडतो, कुठे सुटतो

पावसाचे पाणी साठवण्या-जिरवण्याची सक्ती ५०० चौ.मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांना आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौ.मी. छोट्या गावात प्लॉट पडतात एक, दीड, फार तर दोन गुंठ्यांचे. दोन हेक्टरच्या जमिनीत दीड गुंठ्याचे ऐंशीएक प्लॉट बसतात आणि त्यातला एकही प्लॉट एकट्याने या नियमात येत नाही. लहान भूखंडांना परवानगीची प्रक्रियाही सोपी केलेली आहे, त्यामुळे तिथे छाननीला फारशी जागाच उरत नाही.

म्हणजे छोट्या गावासाठी खरी खिंड एकच: ले-आऊटची तात्पुरती मंजुरी. रस्त्यांची पातळी, गटाराचा उतार, मोकळ्या जागेचे ठिकाण आणि पाणी बाहेर पडण्याची जागा या चार गोष्टी त्याच वेळी ठरतात. अंतिम मंजुरीनंतर त्यांना हात लावणे जवळजवळ अशक्य होते.

कायद्याच्या दोन बाबी मात्र सांभाळाव्या लागतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, म्हणून त्रुटीपत्र (अर्जातल्या उणिवा कळवणारे पत्र) पहिल्या आठवड्यातच आणि एकदाच, सगळ्या मुद्द्यांसह पाठवा. दुसरे म्हणजे, त्याच कलमानुसार विशेष अटी घालायच्या तर शासनाची पूर्वमान्यता लागते. तेव्हा मनाने नवी अट लिहिण्यापेक्षा ले-आऊटचे पाणी कुठून कसे जाणार हे सिद्ध करणारी कागदपत्रे मागा. अपुऱ्या माहितीवर बोट ठेवलेले त्रुटीपत्र अपिलात टिकते, आवडीनिवडीची अट टिकत नाही.

काय मागायचे

पहिली मागणी पातळ्यांची. ०.५ मीटर अंतराचा कंटूर नकाशा (समान उंचीच्या रेषा दाखवणारा) हवा आणि तो फक्त गट नंबरच्या हद्दीपुरता नको. पाणी ज्या ओढ्याला किंवा रस्त्याखालच्या मोरीला मिळणार तिथपर्यंतच्या पातळ्या त्यात हव्यात. बेंचमार्क, म्हणजे पातळ्या मोजण्याचा आधारबिंदू, हलणार नाही अशा ठिकाणी घ्यायला सांगा, उदाहरणार्थ जुन्या पुलाचा कठडा. विजेच्या खांबावर रंगाने मारलेली खूण दोन वर्षांत सापडत नाही.

दुसरी मागणी गाव नकाशाची प्रत. मोजणी नकाशात नसलेला ओहोळ गाव नकाशात पुष्कळदा सापडतो. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली उपग्रह चित्रेही पाहून घ्या. जमीन सपाट करताना ओहोळ मुरूम टाकून बुजवलेला असतो, पण पाणी आपली वाट विसरत नाही. नदीकाठची जमीन असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखवून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

तिसरी मागणी हिशेबाची. हा हिशेब कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याला कागदावर तपासता येतो.

प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = वाहून जाण्याचा गुणांक × पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०

गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो ते. दोन हेक्टरच्या शेताला गुणांक ०.३ आणि तीव्रता ५० मिमी धरली तर प्रवाह येतो ०.०८३, म्हणजे सेकंदाला ८३ लिटर. प्लॉट भरल्यावर गुणांक ०.७ धरा: १९४ लिटर. सेकंदाला १११ लिटर पाणी नव्याने तयार झाले. प्रत्यक्षात फरक याहून जास्त असतो, कारण गुळगुळीत रस्त्यावरून पाणी लवकर गोळा होते आणि कमी वेळाच्या सरीची तीव्रता नेहमीच जास्त असते. ५० मिमी इथे उदाहरणापुरते घेतले आहेत; आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाची ताशी किंवा पंधरा मिनिटांची नोंद मिळवून तोच आकडा वापरा. वर्षाची सरासरी या हिशेबाला निरुपयोगी. दुष्काळी तालुक्यातला वळीवसुद्धा तासाभरात गटार तुंबवतो. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिमी पावसासाठी होती, पुढच्या आराखड्यात ५० मिमी धरले गेले आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला. गुणांकावरूनही घासाघीस होईल. विकासक बहुधा ‘आज इतकीच घरे आहेत’ म्हणून ०.५ सुचवतो. सगळे प्लॉट बांधले गेले आणि अंगणात फरशी बसली, असे धरूनच गुणांक घ्या.

मग पाइप तपासा. ४५० मिमी व्यासाचा सिमेंट पाइप १:२०० उतारावर भरून वाहिला तर सेकंदाला सुमारे २०० लिटर नेतो. तोच पाइप १:५०० उतारावर १२५ च्या आसपास. व्यास बघून समाधान मानायचे नाही ते यासाठी. रस्त्याखालून जाणारा पाइप एनपी-३ दर्जाचा (वाहनांचा भार पेलणारा सिमेंट पाइप) हवा. एनपी-२ ट्रकखाली तडकतो.

वाढीव पाणी कुठे थांबवायचे

खालची मोरी आधीच काठोकाठ भरत असेल तर १११ लिटरचा फरक ले-आऊटमध्येच अडवावा लागतो. अर्ध्या तासाच्या सरीचे हे पाणी होते सुमारे २०० घनमीटर. आकडा मोठा वाटतो. पण ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या ले-आऊटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. दोन हेक्टरला ती २,००० चौ.मी. येते. त्यातली साधारण ६७० चौ.मी. जागा आजूबाजूपेक्षा ३० सेंमी खोल, उथळ परातीसारखी ठेवली की २०० घनमीटर पाणी मावते. वर्षातले बहुतेक दिवस तिथे मुले खेळतील आणि जोराची सर आली की तासभर पाणी थांबेल. अट एकच, मोकळी जागा ले-आऊटच्या सखल बाजूला हवी. सहसा ती विकल्या न जाणाऱ्या वरच्या कोपऱ्यात ढकललेली असते. तात्पुरत्या मंजुरीच्या वेळी हा एक बदल करून घेतला तरी निम्मे काम झाले.

बाहेर पडणाऱ्या चेंबरला भिंत घालून त्यात २२५ मिमीचे भोक ठेवा. भोकाच्या मध्यापासून वर ६० सेंमी पाणी साठले की त्यातून सेकंदाला ८० ते ८५ लिटर जाते, म्हणजे शेत असताना जात होते तेवढेच. भोकाच्या अलीकडे सळ्यांची जाळी हवी, नाहीतर पहिल्याच पावसात प्लॅस्टिकची पिशवी त्यावर बसते. आणि भिंतीचा माथा आजूबाजूच्या जोत्यांपेक्षा खाली ठेवा, म्हणजे भोक बुजले तरी पाणी भिंतीवरून जाईल, घरांत नाही.

भुयारी गटार योजना नसलेल्या गावात एक मोठा धोका असतो. पावसाळी गटारात घराघरांचे सांडपाणी आणि शौचटाकीचा निचरा सोडला जातो. तसे झाले तर ही परात डबके होते, डास वाढतात आणि लोकच ती भरून टाकतात. सांडपाण्याची वाट आधी वेगळी दाखवल्याशिवाय असा आराखडा मान्य करू नये.

शोषखड्ड्याकडून किती अपेक्षा ठेवावी

५०० चौ.मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींना नियमावलीत खड्ड्याचा नमुनाच दिला आहे: १.२ × १.२ मीटर, खोली २ ते २.५ मीटर. तळात ५० टक्के खोलीपर्यंत ४० मिमी खडी, त्यावर २० टक्के २० मिमी खडी, त्यावर २० टक्के जाड वाळू, वर बारीक वाळूचा पातळ थर, आणि वरचा १० टक्के भाग रिकामा. खड्ड्याच्या विटांच्या भिंती जमिनीच्या १५ सेंमी वर हव्यात. १०० चौ.मी. गच्चीला १०० मिमीचे किमान दोन पाइप, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडणारी झडप आणि पाइपांच्या तोंडाला मच्छरजाळी.

आता हिशेब बघा. दोन मीटर खोल खड्ड्यात खडी-वाळूच्या फटी आणि वरची मोकळी जागा मिळून मावते फार तर १.२ घनमीटर पाणी. २०० चौ.मी. गच्चीवर ताशी ५० मिमी पावसात तासाला नऊ-दहा घनमीटर येते. म्हणजे खड्डा सात-आठ मिनिटांत भरतो. विहिरीला पाणी वाढवायला तो चांगलाच, पण त्याच्या भरवशावर गटाराचा आकार कमी करू देऊ नका. ही गल्लत फाइलींत सर्रास दिसते: ‘शोषखड्डे प्रस्तावित आहेत, सबब गटाराची आवश्यकता नाही.’

काळ्या मातीत खड्डा रिकामा व्हायलाच दिवस लागतात. म्हणून चाचणी आधी करून घ्या. खड्ड्याच्या नियोजित तळाशी ३० सेंमी लांब-रुंद-खोल भोक खणून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी १५ सेंमी पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाला पातळी मोजा. तासाला १२-१३ मिमीपेक्षा कमी उतरत असेल तर त्या थरात खड्डा घेऊन उपयोग नाही. खाली मुरूम लागेपर्यंत जा किंवा टाकीत साठवा. कोकणात उलटे घडते. जांभ्यात पाणी झटकन मुरते, पण जुलैत भूजलच खड्ड्याच्या तळाशी येऊन बसते, त्यामुळे उन्हाळ्यातली चाचणी फसवी ठरते. तिथे शेजारच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारा. खडकाबद्दल शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्या.

जागेवर पाहणी

रस्त्याचे डांबर पडण्यापूर्वी एकदा आणि गटारे ताब्यात घेण्यापूर्वी एकदा, अशा दोन भेटी तरी कराव्यात. पहिल्या भेटीत लेव्हल (पातळी मोजायचे यंत्र) लावून प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी घ्या आणि नकाशाशी ताडून बघा. ३० मीटरवर १:२०० उतार म्हणजे १५ सेंमी फरक. तो पाच सेंमी निघाला तर पाइप उकरून बसवायला हीच वेळ.

दुसऱ्या भेटीला पाण्याचा टँकर न्या. सगळ्यात वरच्या चेंबरमध्ये तो मोकळा करा आणि खाली चालत जा. कुठल्या चेंबरात पाणी घुटमळते ते लगेच दिसते. झाकण उचलले की कारणही दिसते: पाइपाच्या तोंडाशी वाळलेल्या सिमेंटचा गोळा, सांध्यातून आत आलेली मातीची जीभ, नाहीतर पाइपच उलट्या उताराला. रस्त्याकडेची जाळी बोटाने चाचपून बघा. ती डांबराच्या वर दोन सेंमी राहिली असेल तर पाणी तिला वळसा घालून निघून जाते. जाळी रस्त्याच्या कडेपेक्षा एक-दोन सेंमी खालीच हवी.

शक्य असेल तिथे एक पावसाळा पाहूनच रस्ते-गटारे ताब्यात घ्या. सोबत प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा, चेंबरच्या पातळ्यांसह, कागदावर आणि डिजिटल दोन्ही घ्या. पाच वर्षांनी दुसरा अभियंता येईल तेव्हा जमिनीखाली काय आहे हे सांगणारे दुसरे काही नसते.

दरवर्षीचा बोजा

खरा भार परवानगीनंतर सुरू होतो. दीड किलोमीटर गटार आणि दर ३० मीटरला चेंबर म्हणजे ५० चेंबर. चार माणसांनी दिवसाला दहा साफ केले तरी एका ले-आऊटला पाच दिवस लागतात. असे दहा ले-आऊट झाले तर पूर्ण दोन महिने जातात. म्हणून नालेसफाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली तरच मृग लागण्यापूर्वी संपते. काढलेला गाळ काठावर वाळत ठेवायची सवय मोडा. पहिल्या वळवात तो सगळा परत गटारात जातो आणि बिल मात्र दोनदा निघते. गाळ त्याच दिवशी उचलला जाईल, असे कामाच्या निविदेतच लिहा.

पाणी जिरवण्याची व्यवस्था न ठेवणाऱ्या मालकावर दर १०० चौ.मी. बांधकामाला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते. १,२०० चौ.मी. च्या इमारतीला ते १२,००० रुपये होतात. आकारणी टिकायची तर पाहणीची तारीख, फोटो आणि नोटिशीची पोच फाइलला हवी. आणि उद्देश खड्डा चालू करण्याचा आहे हे लक्षात ठेवून दुरुस्तीला मुदत आधी द्या.

यासाठी नोंदवही साधीच ठेवा: गट नंबर, मंजुरीचा दिनांक, पाणी बाहेर पडण्याची जागा, भोकाचा व्यास, चेंबरची संख्या, शेवटची सफाई, कोणाच्या ताब्यात. शेवटचा रकाना ‘पाणी कुठवर चढले’ असा ठेवा. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाने भिंतीवरच्या ओलीची उंची मोजून त्यात लिहायची, जागेच्या फोटोसह. पुढचा ले-आऊट त्याच ओढ्यावर मंजुरीला येईल तेव्हा त्रुटीपत्राला याच पानाची प्रत जोडता येते.